झोंबी (आनंद यादव) : धड्यावर थांबू नका, अख्खं पुस्तक वाचा

सीबीएसईच्या बारावीला हिंदीचं 'वितान' म्हणून एक पुस्तक आहे, त्यात 'जूझ' नावाचा धडा आहे, आणि आमच्या इंदूरसारख्या ठिकाणी वाढलेल्या मराठी मुलांना आनंद यादव भेटतात ते बहुतेक तिथेच, हिंदीतून. माझ्या लेकीलाही तसेच भेटले. तो धडा म्हणजे 'झोंबी'चा एक छोटासा तुकडा. मूळ पुस्तक म्हणजे यादवांचं आत्मकथन, १९८७ चं, मेहता पब्लिशिंग हाउसने काढलेलं, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं आणि चांगलं जाडजूड. धडा तिला इतका आवडला की आम्ही मूळ मराठी मागवलं आणि दोघींनी वाचलं, आणि आता अगदी मनापासून सांगते, ज्यांनी नुसता धडा वाचलाय त्यांच्या हाती त्यातला गोड भाग तेवढा लागलाय, बाकी सगळं अजून वाचायचं राहिलंय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोल्हापूर जिल्ह्यातलं कागल, यादवांचा जन्म १९३५ चा, म्हणजे गोष्ट साधारण चाळीसच्या दशकातली आणि त्याच्या जरा पुढची. घरातला थोरला पोरगा आंदा, म्हणजे स्वतः यादवच. वडील, ज्यांना तो दादा म्हणतो, त्यांनी त्याला शाळेतून काढून शेतात जुंपलंय. पाणी पाजायचं, म्हसरं राखायची, शेण काढायचं, वैरण आणायची. आणि दादा स्वतः दिवसभर गावात फिरतायत. पोराच्या डोक्यात मात्र एक हिशोब पक्का बसलाय की आज्याच्या वेळेला जे होतं ते दादाच्या वेळेला राहिलं नाही, ही शेती आपल्याला खड्ड्यातच घालणार, शिकलो तर निदान नोकरी लागेल, हातात चार पैसे येतील. लहान मुलाने केलेला हा हिशोब वाचताना पोटात गलबलतं, कारण त्यात स्वप्नबिप्न काही नाही, सरळ जमाखर्च आहे.

आता तो वाड्यावरचा प्रसंग, जो धड्यातही आहे, पण तो नीट बघण्यासारखा आहे म्हणून त्यावर लिहितेच. आंदा आईला म्हणतो की तू दादाशी बोल, आई म्हणते शाळेचं नाव काढलं की तो रानडुकरासारखा गुरगुरतो. मग मायलेकरं रात्री गावातल्या वजनदार माणसाकडे, दत्ताजीराव देसायांकडे जातात. आई सगळं सांगते, नवरा काम कसं करत नाही, पोराला का अडकवलंय ते. आणि निघताना दोघंही देसायांना विनवतात की आम्ही इथे येऊन गेलो हे दादाला कळू देऊ नका. दादाला वाड्यावर बोलावणं येतं तेव्हा तो खूश होऊन जातो, कारण वाड्यावरून बोलावणं म्हणजे मान. थोड्या वेळाने पोरगं जेवायला बोलवायच्या निमित्ताने तिथे पोचतं, तेही आधी ठरल्याप्रमाणेच. मग देसाई त्याच्यासमोरच बापाची अशी काही खरडपट्टी काढतात की बस, आणि वर म्हणतात, तुला जमत नसेल तर फी मी भरतो.

मला यात सगळ्यात जास्त काय भिडलं सांगू का, त्या आईचं डोकं. अक्षरओळख नाही, हातात पैसा नाही, नवऱ्याचा मार खाल्लेला, पण कोणाच्या शब्दाला नवरा दबतो हे तिला बरोब्बर माहीत आहे आणि तो शब्द कसा मिळवायचा हेही. कष्टातून वर आलेल्या माणसांच्या आत्मचरित्रात आई म्हणजे नेहमी रडणारी, उपाशी राहून पोराला भरवणारी अशीच असते, आणि हो, इथेही ती ते सगळं करतेच, पण इथली आई डाव टाकते. पोराला शाळा मिळाली ती तिच्या त्या रात्रीच्या चालण्यामुळे. पुस्तकाच्या मागच्या मजकुरात, परीक्षणांत सगळीकडे 'एका मुलाची शिक्षणासाठीची झुंज' असं लिहितात ना, मला ते अपुरं वाटतं, झुंज दोघांची आहे.

आणि शाळा मिळाली म्हणजे सुटलं असं नाही. दादाने अटी घातल्या. सकाळी अकरापर्यंत शेतात पाणी पाजायचं, तिथूनच दप्तर घेऊन परस्पर शाळेत जायचं, सुटल्यावर घरी दप्तर टाकून पुन्हा गुरं चारायला, आणि शेतात काम जास्त असलं त्या दिवशी शाळा नाही. पोरगं सगळ्याला हो म्हणतं. वर्गात गेल्यावर बरोबरची मुलं पुढे गेलेली, आपल्यापेक्षा लहान पोरांच्यात बसायचं, पहिल्याच दिवशी एक दांडगट पोरगा त्याचं डोक्याचं फडकं हिसकावून घेतो, धोतर ओढतो. त्याला वाटतं यापेक्षा शेत बरं. हे वाक्य मी वाचलं आणि पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं, कारण ज्या शाळेसाठी एवढा आटापिटा केला तिथे पहिल्या दिवशी असं वाटणं हे किती खरं आहे, आणि कितीतरी पोरं त्याच दिवशी गळतात, त्यांची पुस्तकं कोणी लिहीत नाही.

मग मंत्री मास्तर गणिताचे, मग वसंत पाटील नावाचा हुशार पोरगा, ज्याच्याकडे बघून आंदाही वह्यापुस्तकांना कागदाची कव्हरं घालायला लागतो, गणितं सोडवायला लागतो. आणि मास्तर त्याला 'आनंदा' म्हणून हाक मारायला लागतात. हे सगळं पटापट वाचून होतं. थांबायचं ते सौंदलगेकर मास्तरांपाशी.

मराठीचे हे मास्तर कविता शिकवताना त्यात रमून जायचे, गाऊन दाखवायचे, हावभाव करायचे, कवींच्या भेटीच्या आठवणी सांगायचे. त्यांनी स्वतः दारातल्या मालतीच्या वेलीवर कविता केलेली. आंदाने तो वेल बघितलेला आणि ती कविताही ऐकलेली, आणि त्याला एकदम कळतं की कवी म्हणजे आपल्यासारखीच हाडामांसाची माणसं. मग तो शेतात पाणी पाजताना कविता गायला लागतो, मास्तरांसारखे हातवारे करतो, कवितांना आपल्या चाली लावतो. पुढे स्वतःच जुळवायला लागतो, कागद नसला तर काठीने म्हशीच्या पाठीवर अक्षरं काढायची नाहीतर खड्याने दगडावर लिहायचं, आणि पाठ झालं की पुसून टाकायचं. कविता जमली की मास्तरांना दाखवायची इतकी घाई की सोमवारची वाट न बघता रात्रीच त्यांच्या घरी.

आता माझा मुद्दा. आधी त्याला शेतात एकट्याने पाणी पाजायचा कंटाळा यायचा, कोणीतरी बोलायला हवं असायचं. आता त्याला एकटं असणंच हवंहवंसं वाटायला लागतं, कारण एकटा असला की मोठ्याने गाता येतं, नाचता येतं. शेत तेच, पाट तोच, बाप तोच, पोटातली भूकही तीच. बदललं ते एवढंच. लोक म्हणतात ना की कष्टाचं चीज झालं, पुढे मोठे लेखक झाले, पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले, म्हणून ते सगळं सोसणं सार्थकी लागलं, मला हे अजिबात पटत नाही. अर्थ त्याला पुढे जाऊन मिळालेला नाहीये, तो त्या पाटापाशीच मिळालाय, सगळं तसंच्या तसं अंगावर असताना. समजा तो पोरगा पुढे मॅट्रिक झालाच नसता, तरी त्या दुपारी त्याच्याच होत्या. बाकीच्या अशा पुस्तकांमध्ये पहिला एक तृतीयांश हाल, मग कोणीतरी देवमाणूस भेटतं, मग भराभर यश, फोटो, सत्कार असं असतं. 'झोंबी' मॅट्रिकपर्यंतच येतं आणि मधे कुठेही तुम्हाला सुटल्यासारखं वाटत नाही. मास्तरांच्या कवितेनंतरही बाप मारतोच, कामं असतातच, घरात एकामागून एक भावंडं येतच राहतात आणि प्रत्येक नव्या तोंडाबरोबर ताटातलं कमी होत जातं.

धड्यात नेमकं हेच पुढचं नाहीये. धडा कवितेपाशी संपतो आणि मुलांना वाटतं चला जिंकला. परीक्षेत प्रश्नही तसेच, लेखकाच्या यशाची कारणे लिहा. माझ्या लेकीने मराठी पुस्तक वाचताना मधेच विचारलं, आई हे अजून चालूच आहे का गं. तिला खरंच धक्का बसलेला. मला वाटतं तो धक्का बसणं गरजेचं आहे.

दादाबद्दल आमचं दोघींचं जमलं नाही. तिला तो माणूस शेवटपर्यंत सहन झाला नाही. मला मात्र यादवांनी त्याला ज्या पद्धतीने लिहिलंय ते फार मोठं वाटलं. गुऱ्हाळाचंच घ्या. बाकीचे शेतकरी म्हणायचे ऊस जितका जास्त दिवस उभा तितका गूळ चांगला, पण ह्याला सगळ्यांच्या आधी गुऱ्हाळ लावायचं असायचं, कारण आधी बाजारात गेलेल्या गुळाला भाव मिळतो, आणि एकदा का ते उरकलं की हा गावात हिंडायला मोकळा. म्हणजे आळशी आहे, पण बाजार कळणारा आहे. लेखकाने राग कुठेही लपवलेला नाही, पण बापाला राक्षसही केलेलं नाही, आणि ज्याने मार खाल्लाय त्याने असं लिहिणं सोपं नाही.

एक गोष्ट मात्र वाचताना डोक्यात ठेवावी. १९७८ ला दया पवारांचं 'बलुतं' हे दलित आत्मकथन आलं आणि त्यानंतर मराठीत आत्मकथनांची एक मोठी लाटच आली, 'झोंबी' त्याच काळातलं. पण आंदाच्या आईला रात्री देसायांच्या वाड्यात जाऊन बसता आलं, बोलता आलं. 'बलुतं'मधल्या माणसांना ते दार असं उघडं नव्हतं. दारिद्र्य दोन्हीकडे आहे, जात एकीकडेच पाठीवर बसलेली आहे. म्हणून दोन्ही पुस्तकं एका दमात 'संघर्षगाथा' म्हणून एकत्र बांधू नयेत असं मला फार वाटतं. दोन्ही वाचावीत, आणि शक्यतो लागोपाठ.

तक्रारी आहेत का, आहेत. पुस्तक लांब आहे आणि मधल्या भागात तेच ते येतं, भूक, मार, काम, नवं बाळ, परत भूक. संपादनात थोडं कमी करता आलं असतं असं वाचताना वाटतं खरं, जरी ते आयुष्यच तसं होतं हेही कळतं. दुसरं म्हणजे बोली. संवाद कागलकडच्या भाषेत आहेत, शेतीकामाचे शब्द भरपूर, आणि महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मुलांना सुरुवातीला ते जड जातं. आमच्याकडे मी मोठ्याने वाचायचे आणि ती ऐकायची, असं केलं तर फार लवकर कान बसतो, डोळ्याने अडलेले शब्द कानाला आपोआप कळतात. कोल्हापूर सांगलीकडची कोणी आजी घरात असेल तर तिच्याकडूनच वाचून घ्या, त्यासारखं दुसरं काही नाही.

कोणी घ्यावं? नववी दहावीच्या पुढच्या मुलांनी नक्की, पण एकटं देऊन सोडून देऊ नका, मारहाणीचे भाग आहेत, सोबत वाचा. शिक्षकांनी तर घ्यावंच, सौंदलगेकर मास्तरांसाठी. ज्यांना पटकन उभारी देणारं काहीतरी हवंय, चार दिवसांत वाचून होणारं, त्यांनी आत्ता घेऊ नये, हे पुस्तक तुम्हाला थोपटत नाही. ज्यांच्या घरात सध्या खरंच ओढग्रस्त चालू आहे त्यांना मात्र मी आवर्जून सांगेन, कारण इथे कोणी तुम्हाला धीर धरा, सगळं ठीक होईल असं खोटं सांगत नाही.

पुढचे भागही आहेत, 'नांगरणी', 'घरभिंती' आणि 'काचवेल', चारही मिळून एक आयुष्य होतं. पण एकदम संच मागवू नका, आधी 'झोंबी' एकटंच घ्या आणि त्याला वेळ द्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. लेकीचे चार, एक तिने दादासाठी कापलाय.