पेंटॅक्स के-१०००: शटरचे आकडे वाचायला शिकवणारा कॅमेरा

असाही ऑप्टिकल या जपानी कंपनीने १९७६ साली आणलेला पेंटॅक्स के-१००० हा फिल्मचा कॅमेरा १९९७ पर्यंत बनत होता. गेले वर्षभर मी त्याची एक जुनी प्रत वापरत आहे. छायाचित्रण मुळापासून शिकू इच्छिणाऱ्याने हाच कॅमेरा घ्यावा असे मला वाटते, आणि त्याचे मुख्य कारण त्याची शटरची, म्हणजे फिल्मवर ठरावीक वेळ प्रकाश पडू देणाऱ्या पडद्यांची, डायल हे आहे.

डायलवर १०००, ५००, २५०, १२५, ६० असे उतरत जाणारे आकडे १ पर्यंत आणि त्यानंतर ‘बी’ हे अक्षर आहे. हे आकडे अपूर्णांकांचे छेद आहेत. म्हणजे १२५ म्हणजे सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग आणि २ म्हणजे अर्धा सेकंद. पहिल्या रोलच्या वेळी २ म्हणजे दोन सेकंद असे मी धरून चाललो आणि देवळातल्या समईची चारही चित्रे काळवंडली. ‘बी’वर बटण दाबून धरावे तितका वेळ शटर उघडे राहते. फ्लॅश वापरायचा असेल तर ६० किंवा त्याहून संथ वेगच चालतो. याच डायलमधल्या छोट्या खिडकीत फिल्मचा एएसए, म्हणजे तिच्या प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा, दिसतो, तो बाहेरची कडी उचलून बदलावा लागतो. नवख्याने हा आकडा आणि शटरचा आकडा यांत गल्लत करू नये.

खरी उणीव आहे ती व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीत. तिथे प्रकाशमापकाचा काटा दिसतो, परंतु निवडलेला वेग दिसत नाही, त्यामुळे दर वेळी कॅमेरा डोळ्यापासून खाली घ्यावा लागतो. निकॉन एफएम या दुसऱ्या फिल्म कॅमेऱ्यात वेग आतच वाचता येतो, आणि घाईच्या प्रसंगी हा फरक जाणवतो.

शटर पूर्णपणे यांत्रिक आहे, सेल फक्त मापकासाठी लागतो. मात्र डायलवरचा आकडा आणि प्रत्यक्ष वेग एकच असेल असे जुन्या कॅमेऱ्यात गृहीत धरता येत नाही. मी फोनवर सेकंदाला २४० चौकटींचे चित्रण करून पाहिले: ३० वर आठ चौकटी अपेक्षित होत्या, नऊ आल्या, १ सेकंदाला मात्र सुमारे तीनशे आल्या, म्हणजे स्टॉपच्या (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याच्या टप्प्याच्या) तिसऱ्या भागाएवढा फरक, जो निगेटिव्ह फिल्म सहज सामावून घेते.

घेण्यापूर्वी लेन्स काढून, मागचे दार उघडून, उजळ भिंतीकडे पाहत १००० वर शटर चालवावे. पडदे कापडी असून आडवे सरकतात, त्यांना बोट लावू नये. चौकटीची एक कड सतत अंधारी दिसली, तर दुरुस्तीचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा.