ला पाझमधले तोतया पोलीस, आमचे सहाशे डॉलर गेले

बोलिव्हियाला जाणार असाल तर हे वाचाच. आम्ही दोघं पेरूत कुस्को आणि माचू पिक्चू करून, पुनोहून टिटिकाका तलावाच्या कडेकडेनं बसने ला पाझला पोचलो. कुस्कोत आठवडाभर राहिलो, एकही वाईट माणूस भेटला नाही, त्यामुळे आम्ही अगदी निर्धास्त होतो.

ला पाझ साधारण 3,600 मीटरवर आहे, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते आणि डोकं जड राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लाझा मुरिल्यो हा मुख्य चौक बघितला, तिथलं संसदेवरचं उलटं फिरणारं घड्याळ बघितलं (2014 मध्ये मुद्दाम उलटं केलंय, दक्षिण गोलार्धात सावलीचं घड्याळ असंच फिरतं म्हणून), मग काये हाएन ही जुनी रंगीत गल्ली करून सान फ्रान्सिस्को चर्चकडे उतरायला लागलो.

वाटेत पाठीवर सॅक, हातात नकाशा असा एक जण भेटला, मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला मी चिलीचा, मलाही चर्चलाच जायचंय. दहा मिनिटं गप्पा मारत सोबत चालला. तेवढ्यात जाकिटातला एक माणूस आडवा आला, झटकन कार्ड दाखवलं, पोलीस, अमली पदार्थ आणि खोट्या डॉलरची तपासणी चालू आहे, पासपोर्ट आणि पैसे दाखवा. आधी त्या चिलीवाल्याला विचारलं, त्याने काही कुरकुर न करता सगळं काढून दिलं, याने नोटा हुंगल्या, मोजल्या, परत दिल्या. सगळी मेख इथे आहे. तो देतोय बघून नवऱ्यानेही पोटाच्या पट्ट्यातलं पाकीट काढून दिलं, त्यात 1,400 डॉलर होते, तिकडे फाटकी मळकी नोट कोणी घेत नाही म्हणून पुण्याहूनच कोऱ्या नोटा घेऊन गेलो होतो.

नोटा मोजून झाल्यावर म्हणतो ठाण्यावर चला, आणि टॅक्सीचं दार उघडलेलंच. नवऱ्याने एक पाय आत टाकला होता. मी त्याची बाही धरून मागे ओढलं आणि जोरजोरात मराठीतच ओरडायला सुरुवात केली, दुसरं काही सुचेचना. समोरच्या दुकानातून गोल हॅट घातलेली एक बाई बाहेर आली, तीही त्यांच्यावर ओरडली. त्याने पाकीट आणि पासपोर्ट आमच्या हातात कोंबले आणि टॅक्सीत बसला. चिलीवालाही त्याच टॅक्सीत बसून गेला!

हॉटेलवर मोजले तर 800. डोळ्यांदेखत सहाशे काढले, जवळजवळ पन्नास हजार रुपये, आणि आम्हाला कळलंसुद्धा नाही.

हॉटेलच्या मालकीणबाई म्हणाल्या टॅक्सीत बसला नाहीत हे नशीब, बसलेल्यांना एटीएमवर नेऊन खातं रिकामं करायला लावतात. खरा पोलीस रस्त्यात तुमचे पैसे मोजत नाही. कोणी अडवलं तर हातात काही द्यायचं नाही, पासपोर्टची झेरॉक्स दाखवायची आणि चालत ठाण्यावर येतो म्हणायचं, गाडीत अजिबात बसायचं नाही. आणि सगळी कॅश एका पाकिटात ठेवू नका, आमची तीच मोठी चूक झाली. टुरिस्ट पोलिसांकडे तक्रार केली, त्यांनी नीट लिहून घेतली, पण आमच्या इन्शुरन्समध्ये चोरीला गेलेली कॅश धरत नव्हते, तुम्ही निघायच्या आधी तेवढं विचारून घ्या.

पुढचे तीन दिवस कमी करावे लागले, त्यात पोतोसी हे चांदीच्या खाणींचं जुनं शहर बघायचं राहून गेलं. 1545 मध्ये तिथल्या डोंगरात चांदी सापडली आणि ती पार आपल्या सुरतेच्या बाजारापर्यंत यायची, तिथली जुनी टाकसाळ बघायची म्हणून नवऱ्याने हा प्रवास आखला होता. सुक्रे बघितलं, पांढरंशुभ्र, खूप सुंदर शहर आहे. तिथून पोतोसी फक्त तीन-साडेतीन तासांवर होतं. नवरा चौकातल्या बाकावर बसून ती बस सुटताना बघत होता, मला फार वाईट वाटलं.