लॅट-१, बी०एटी१, एएससीटी२ की स्नॅट-२? एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी वाहक निवडताना

उदासीन (विद्युतभार नसलेल्या बाजूसाखळीची) अमिनो आम्ले पेशीत कशी शिरतात हा विषय घ्यायचा ठरला, तरी वाहक, म्हणजे त्यांना पेशीच्या पटलातून नेणारे प्रथिन, कोणता घ्यायचा इथे जळगाव, धुळे, शहाद्याकडची मुले अडतात. बहुतेकांचे बोट पहिल्यांदा लॅट-१ वर पडते, कारण कर्करोगाच्या निमित्ताने त्याचे नाव सतत कानावर येते. माझे मत वेगळे आहे. वाहकाला रेटा कुठून मिळतो आणि तो रेटा तुमच्या प्रयोगशाळेत बंद-चालू करता येतो का, हे आधी बघा. नाव किती गाजलेले आहे ते नंतर.

ऑक्सेंडर आणि क्रिस्टेन्सन यांनी १९६३ साली उंदराच्या एर्लिख गाठीच्या पेशींवर काम करून उदासीन अमिनो आम्लांच्या वेगवेगळ्या वाटा दाखवल्या. याच कामातून ए आणि एल या ‘प्रणाली’ पुढे आल्या, एएससी १९६७ मध्ये वेगळी ओळखली गेली. ए आणि एएससी सोडियमशिवाय चालत नाहीत, एल चालते. तेव्हा यातले एकही जनुक हाती नव्हते. सोडियम काढून बघायचे, एका आम्लाने दुसऱ्याला अडवून बघायचे, एवढ्यावर ही विभागणी उभी राहिली. साध्या साधनांवर काम करणाऱ्या आपल्या महाविद्यालयांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

लॅट-१ हा एल प्रणालीतला. १९९८ साली सापडला. ४एफ२एचसी नावाच्या जड साखळीशी जोडला गेला तरच तो पटलावर पोचतो. त्याला सोडियम लागत नाही. आतले एक अमिनो आम्ल बाहेर दिले की बाहेरचे एक आत घेतो. रिकामा सिलिंडर दिल्याशिवाय भरलेला मिळत नाही, तसेच. म्हणून पेशीतला एकूण साठा तो एकट्याने वाढवू शकत नाही, फक्त त्यातली वाटणी बदलतो. रक्त आणि मेंदू यांच्या सीमेवर ल्यूसीन, फेनिलअ‍ॅलनिन, ट्रिप्टोफॅन यांची ने-आण मुख्यतः तोच करतो. पार्किन्सनवरचे लेव्होडोपाही त्याच दारातून जाते, म्हणून भरपूर प्रथिनांच्या जेवणासोबत घेतलेल्या गोळीचा असर काही रुग्णांत कमी पडतो. शिरपूरकडे फार्मसी शिकणाऱ्यांना हा विषय मनापासून सुचवीन: २०१९ मध्ये त्याची क्रायो-इलेक्ट्रॉन रचना आली आहे, आणि संगणकावर डॉकिंग (औषधाचा रेणू वाहकात कसा बसेल याचा अंदाज) करायला फक्त चिकाटी लागते. प्रत्यक्ष प्रयोग करायचा तर मात्र पेशीसंवर्धन हवे आणि किरणोत्सारी ल्यूसीन किंवा मास स्पेक्ट्रोमीटर हवा. ल्यूसीनसाठी त्याचा केएम (ज्या प्रमाणाला वहनाचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ते प्रमाण) मायक्रोमोलरमध्ये दोन अंकीच असल्याने साध्या रंगमापनाला ते मोजमाप झेपत नाही.

एएससीटी२ सोडियम मागतो आणि तरीही अदलाबदलच करतो, त्यामुळे त्याचे आकडे लावताना नवखा माणूस हमखास गोंधळतो. ग्लुटामिन हे त्याचे आवडते आम्ल. नंदुरबारच्या मुलांना तो वेगळ्या कारणाने खुणावतो. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे, आणि अमेरिकेत २०१७ साली सिकलसेलसाठी ग्लुटामिनची भुकटी पाच वर्षांवरील रुग्णांना मंजूर झाली. ओढ अगदी समजण्यासारखी आहे. पण भुकटीचा उपयोग लाल पेशीतल्या ऑक्सिडीकरणाच्या ताणाशी जोडला जातो. तिथून उडी मारून ‘एएससीटी२ हेच उत्तर’ असे लिहू नका. शिवाय रुग्णांचे रक्त घ्यायचे तर नैतिक समितीची परवानगी, समुपदेशन, पाठपुरावा हे सगळे आले. एका सत्रात ते नीट होत नाही, आणि अर्धवट करणे त्या माणसांवर अन्याय आहे.

माझी पसंती बी०एटी१ ला. लहान आतड्याच्या आणि मूत्रपिंडाच्या पेशींच्या ब्रश-किनारीवर (बारीक केसांसारख्या उंचवट्यांच्या काठावर) तो बसतो आणि सोडियमच्या उतारावर (बाहेर जास्त, आत कमी) स्वार होऊन उदासीन अमिनो आम्ले आत ओढतो. इथे अदलाबदल नाही, खरी भरती आहे. तो बिघडला की हार्टनप विकार होतो. १९५६ मध्ये लंडनमधल्या एका कुटुंबावरून या विकाराचे वर्णन झाले, जनुक २००४ मध्ये ठरले. ट्रिप्टोफॅन शोषले जात नाही, लघवीतून वाहून जाते, त्यापासून बनणारे नायसिन कमी पडते, आणि काहींना उन्हात पेलाग्रासारखे (नायसिनच्या अभावाच्या रोगासारखे) चट्टे उठतात.

पेलाग्रा म्हटले की ज्वारी आठवतेच. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या जास्तीच्या ल्यूसीनकडे लक्ष वेधले होते. ल्यूसीन आणि ट्रिप्टोफॅन एकाच वाहकावर येतात हे खरे, पण त्यांचा रोख ट्रिप्टोफॅनच्या चयापचयावर होता आणि ते मतही पुढे वादात राहिले. तेव्हा प्रबंधात कळण्याच्या (ज्वारीच्या मिश्र पिठाच्या) भाकरीला आरोपी करू नका. तिच्यात उडीद असतो, आणि ती खाणारा माणूस डाळ-भाजीही खातो.

बी०एटी१ ची बाजू बळकट होते ती पद्धतीमुळे. विल्सन आणि वाइजमन यांची १९५४ ची उलट्या आतड्याच्या पिशवीची पद्धत आजही उत्तम चालते. कोंबडीचे ताजे आतडे बर्फातल्या सलाइनमध्ये आणायचे, उलटे करून (शोषणारी बाजू बाहेर आणून) पिशवी बांधायची, आत-बाहेर सारख्याच प्रमाणात मेथिओनिन ठेवायचे आणि ऑक्सिजन सोडत राहायचे. आतल्या बाजूचे प्रमाण वाढले तर चढावरचे वहन दिसले. या वाहकाचा केएम मिलिमोलरच्या घरात असल्याने निनहायड्रिन (अमिनो आम्लाला जांभळा रंग देणारे रसायन) आणि ५७० नॅनोमीटरवरचे वाचन पुरते. दुसऱ्या पिशवीत सोडियम क्लोराइडच्या जागी कोलीन क्लोराइड घातले की फरक डोळ्यांसमोर येतो.

बफर जपून निवडा. ट्रिस स्वतःच निनहायड्रिनला रंग देतो, म्हणून हेपिस घ्या आणि त्याचा पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने न जुळवता पोटॅशियम हायड्रॉक्साइडने जुळवा, नाहीतर सोडियम मागच्या दाराने परत येते. ऊतीतून झिरपणारी अमिनो आम्ले वजा करायला मेथिओनिन न घातलेली एक पिशवी ठेवाच. प्रोलीन टाळा, त्याचा रंग पिवळा येतो. आणि हे काम हिवाळ्यात उरका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दुकानातून प्रयोगशाळेपर्यंत येताना आतडे टिकवणे फार कठीण. निष्कर्ष लिहिताना ‘सोडियमवर अवलंबून असलेले उदासीन अमिनो आम्लांचे वहन’ एवढेच म्हणा. आतड्यात इतरही वाहक असतात. बीसीएच हा रोधक एल प्रणालीचा म्हणून प्रसिद्ध असला तरी तो बी०एटी१ लाही अडवतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर वाहकाची ओळख ठरवता येत नाही.

राहिला स्नॅट-२, ए प्रणालीतला. ओळख पटवायला सगळ्यांत सोपा, कारण मेएआयबी हे कृत्रिम आम्ल जवळजवळ ए प्रणालीच उचलते. अमिनो आम्लांचा तुटवडा पडला की काही तासांत पेशी तो वाढवते, इन्सुलिननेही वाढतो. पण ही वाढ दाखवायला पेशीसंवर्धन आणि वेस्टर्न ब्लॉट (ठराविक प्रथिन प्रतिपिंडाने ओळखण्याची चाचणी) लागतात. पीएच.डी.ला नोंदणी करणार असाल आणि मार्गदर्शकाकडे या दोन्ही सोयी असतील, तर मी बी०एटी१ सोडून हाच घ्या म्हणेन.