डॅशबोर्डची खडखड शोधून देणारे गॅरेज

डॅशबोर्डमधून आवाज येतो, ही तक्रार बहुतेक गॅरेजांत हसण्यावारी नेली जाते. ब्रेक लागत नसेल तर काम उघड असते. आवाज मात्र मालकाला ऐकू येतो, मेकॅनिकसमोर गप्प बसतो आणि शेवटी ‘एवढं चालायचंच’ असे उत्तर मिळते. म्हापशाहून अस्नोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका लहान गॅरेजात मला निराळा अनुभव आला. गोव्यात छप्पर उघडणाऱ्या स्पोर्ट्स गाड्या बाळगणाऱ्यांना तो उपयोगी पडावा, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझी गाडी दोन आसनांची, छप्पर उघडणारी जर्मन स्पोर्ट्स कार आहे. अशा गाडीला वरून पक्क्या छताचा आधार नसतो, त्यामुळे खड्ड्यातून जाताना समोरच्या काचेची चौकट आणि तिच्याखालचा डॅशबोर्ड किंचित पिळवटतो; त्यात सस्पेन्शन कडक आणि टायरची भिंत बुटकी असल्याने रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट आत पोहोचतो. पुलाच्या सांध्यांवरून किंवा गतिरोधकाच्या पट्ट्यांवरून गेले की डावीकडच्या एसी व्हेंटमागे कोणी खिळ्यांची डबी हलवावी तसा आवाज येई आणि गुळगुळीत रस्ता लागताच थांबे. आधीच्या एका ठिकाणी दिसतील तेवढे स्क्रू आवळून आणि फटींत फोम कोंबून पैसे घेतले गेले होते. आवाज तसाच राहिला, शिवाय ग्लोव्ह बॉक्स बंद करायला जोर लावावा लागू लागला.

अस्नोडा रस्त्यावरच्या या गॅरेजातील मेकॅनिकने पाना हातात घेतलाच नाही. ‘सर, खोलायचं नंतर बघू, आधी गाडी मला फिरवू द्या,’ असे म्हणून त्याने प्रथम थंड टायरमधील हवा मोजली, दाराच्या चौकटीवरील कंपनीच्या स्टिकरशी ताडून पाहिली आणि जास्त होती तेवढी कमी केली. मग ग्लोव्ह बॉक्स, दाराचे कप्पे आणि डिकी पूर्ण रिकामी करवली. गाडी जागेवर उभी ठेवून त्याने इंजिनाचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, सावकाश वाढवत नेले. विशिष्ट आरपीएमलाच आवाज उमटला तर एखादा भाग इंजिनाच्या कंपनाशी जुळून थरथरतो आहे, आणि फक्त हादऱ्याला उमटला तर काहीतरी सैल आहे, असा त्याचा हिशेब होता. आमचा आवाज दुसऱ्या प्रकारचा निघाला.

पुढची युक्ती मला विशेष आवडली. त्याने फोन गाडीच्या स्पीकरला जोडला आणि सुमारे २० हर्ट्झपासून २०० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा एकच सूर वाजवला. मध्येच एका पट्टीला उजव्या दारातील स्पीकरची जाळी झणझणली. ही लहानशी खडखड रस्त्यावर कधी वेगळी कळलीच नव्हती. मुख्य आवाजासाठी मात्र चिमट्यांना लावलेले छोटे मायक्रोफोन डॅशबोर्डखाली निरनिराळ्या ठिकाणी अडकवून, हेडफोनवर एकेक ऐकत आम्ही आसपासच्या खडबडीत रस्त्यांवर फिरलो. समोरच्या तिरक्या काचेवरून आवाज परावर्तित होतो, म्हणून कानाने दाखवलेल्या जागेवर विश्वास ठेवायचा नाही, हे त्याने सांगितले आणि ते खरे ठरले: आवाज डावीकडे ऐकू येत असला तरी सर्वांत मोठा होता तो स्टिरिओच्या मागे लावलेल्या मायक्रोफोनमध्ये.

पॅनेल काढण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडून त्याने बराच वेळ थांबायला लावले, कारण डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते आणि केबल काढल्यावरही काही काळ तिच्या सर्किटमध्ये विजेचा साठा उरतो. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना त्याने हातही लावला नाही. ही काळजी जिथे घेत नाहीत, तिथे डॅशबोर्ड उघडू देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टिरिओ बाहेर आल्यावर डॅशकॅमच्या वायरीचा जोड मोकळा लोंबकळताना दिसला. एसीची हवा वाहून नेणाऱ्या काळ्या नळीवर (डक्टवर) तो ज्या ठिकाणी आपटत होता, तिथे नखाएवढा पांढरट घासलेला डाग पडला होता. जोड टेसा कंपनीच्या ५१६०८ क्रमांकाच्या लवदार टेपने गुंडाळून क्लिपने पक्का केला. ही टेप मुळात गाड्यांच्या वायरिंगचा आवाज दाबण्यासाठीच बनवलेली आहे. साध्या काळ्या इन्सुलेशन टेपचा गोंद आपल्याकडच्या उन्हात सुटून चिकट राड होते. आधी कोंबलेला फोम काढून, जिथे प्लास्टिकवर प्लास्टिक घासते तिथेच पातळ फेल्ट (लोकरीसारखे दाबलेले कापड) लावले. तापल्यावर प्लास्टिक पोलादापेक्षा कितीतरी पट जास्त प्रसरण पावते, त्यामुळे फटी ठासून भरल्या तर दुपारच्या उन्हात नवी कुरकुर सुरू होते. छपराच्या रबरी पट्ट्यांना पेट्रोलियमचा स्प्रे न मारता सिलिकॉन ग्रीस लावले, हेही योग्यच.

दर तासावर आहे आणि शोधण्याचा वेळही त्यात धरला जातो. बिलात सामानाची रक्कम नगण्य आणि मजुरी मोठी दिसते, त्यावरून काहींना राग येईल. मला तो पैसा वाजवी वाटला, कारण खरे काम ऐकण्याचेच होते. उणिवाही आहेत. अंदाजपत्रक लेखी मिळत नाही, जागा अपुरी असल्याने पावसाळ्यात छपराखाली एकच गाडी मावते, आणि ठरलेली वेळ सहसा पाळली जात नाही. छपराच्या उजव्या कडीची बारीक करकर अजून आहे. ती कडी बदलल्याशिवाय जाणार नाही, असे त्याने पॅनेल परत बसवण्याआधीच सांगितले होते आणि तिचे पैसे लावले नाहीत.

गाडी न्यायची असेल तर आवाज नेमका कोणत्या रस्त्यावर, किती वेगाला आणि छप्पर उघडे असताना की बंद असताना येतो, हे टिपून न्यावे. पहिला प्रश्न तोच विचारला जातो आणि तासाचा मीटर तेव्हापासूनच सुरू होतो.