मुलाच्या शीतून रक्त जातंय: आधी सोनोग्राफी की थेट दुर्बीण?

माझा धाकटा चार वर्षांचा असताना त्याच्या शीच्या कडेला लाल रेघ दिसायला लागली. पोट दुखत नव्हतं, ताप नव्हता, खाणं-खेळणं नेहमीसारखं. तासगावात पहिल्यांदा दाखवलं तेव्हा "मूळव्याध असेल" म्हणून मलम मिळालं. तीन महिने मी ते इमानेइतबारे लावलं. लहान मुलांना मूळव्याध अगदी क्वचित होते, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ते तीन महिने वाचले असते.

शेवटी मिरज गाठली. 1894 साली मिशन हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून आमच्या भागात "मिरजेला नेलं" म्हटलं की दुखणं साधं नाही, असंच लोक धरतात. मीही तेवढीच घाबरले होते. तिथल्या डॉक्टरांनी आधी बोटाने तपासलं, मग म्हणाले, "पॉलिप वाटतोय. सोनोग्राफी करून बघू, नाहीतर सरळ दुर्बिणीने बघू." दुर्बीण म्हणजे शीच्या जागेतून आतड्यात सरकवायची कॅमेऱ्याची लवचीक नळी, कोलोनोस्कोपी. आज तुम्ही याच वळणावर असाल तर मला जे कळलं ते सांगते.

पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर आलेला कोंब, बहुतेक वेळा देठाला लोंबणारा. दोन ते दहा वर्षांच्या मुलांत तो जास्त आढळतो, बहुधा एकच असतो आणि गुदाशयात किंवा मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात असतो. शी पुढे सरकताना त्याला घासते आणि रक्त येतं. दुखत मात्र नाही. शी कडक असेल आणि करताना मूल रडत असेल तर गुदद्वाराला भेग पडल्याची शक्यता जास्त. शेंब पडत असेल, पोटात कळ येत असेल तर आमांशाचा विचार आधी होतो.

सोनोग्राफीत भूल नाही, सुई नाही, किरणोत्सर्गही नाही. "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" या पाटीखाली आम्ही नंबर यायची वाट बघत बसलो होतो आणि मुलाला पाणी पाजत होतो, कारण लघवीची पिशवी भरलेली असली की तिच्यामागचा गुदाशय नीट दिसतो. पडद्यावर आतड्याच्या पोकळीत एक गडद गोल गाठ दिसली आणि तिच्यात बारीक काळी छिद्रं. ती छिद्रं म्हणजे आत साठलेल्या शेंबाच्या पिशव्या. मग डॉक्टरांनी रंगीत डॉपलर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोनोग्राफी, लावला, तर देठातून गाठीत शिरणारी रक्तवाहिनी लाल-निळी उजळली. माझी शंका तिथेच संपली.

पण नेहमीच्या पोटाच्या सोनोग्राफीत यकृत, मूत्रपिंडं बघतात, आतडं भरभर उरकतात. म्हणून चिठ्ठीवर "शौचातून रक्त, पॉलिपची शंका" असं स्पष्ट लिहून घ्या आणि मुलांच्या आतड्याची सोनोग्राफी करण्याची सवय असलेल्या रेडिओलॉजिस्टकडेच जा. तपासणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून आहे. आतड्यात गॅस किंवा शी भरलेली असेल, पॉलिप लहान असेल किंवा अगदी खाली गुदद्वाराजवळ असेल, तर तो निसटतो. त्यामुळे "सोनोग्राफी नॉर्मल" हा रिपोर्ट हातात आला आणि रक्त मात्र जातच राहिलं, तर तो रिपोर्ट बाजूला ठेवा आणि दुर्बिणीचं विचारा.

दुर्बिणीची खरी ताकद अशी की दिसला पॉलिप की त्याच बैठकीत तारेच्या फासाने देठ जाळून काढता येतो. सोनोग्राफीत एकच दिसला असला तरी मोठं आतडं शेवटपर्यंत बघून घेतात, कारण वर आणखी असू शकतात. पाच किंवा जास्त निघाले तर तो वेगळा आजार समजतात आणि पुढे वर्षानुवर्षं तपासणी लागते. एकट्या पॉलिपमध्ये कर्करोगाची भीती जवळपास नसते. तरीही काढलेला तुकडा तपासणीला पाठवतातच.

भूल आणि तयारी ही दुर्बिणीची अवघड बाजू. तयारीत आमची खरी कसोटी लागली. आतडं धुऊन निघायला भरपूर खारट पाणी पाजायचं होतं. प्रत्येक घोटाला रडारड. लिंबू सरबताचा आधार झाला. कोकम सरबत देऊ नका, लाल-जांभळं काहीच नको, आत ते रक्तासारखं दिसतं. आतड्याला छिद्र पडणं किंवा नंतर रक्तस्राव होणं हे धोके आहेत, पण सरावलेल्या हातांत क्वचित.

सीटी स्कॅनचं कुणी सुचवलं तर का, ते विचारा. या कामासाठी मुलाला तेवढे किरण देण्याची सहसा गरज नसते.

माझं मत विचाराल तर, रक्त एक-दोनदाच गेलंय किंवा निदानच पक्कं नाही, तर आधी सोनोग्राफी. न दुखता महिनोन् महिने जातंय, हिमोग्लोबिन उतरलंय किंवा कोंब बाहेर डोकावतोय, तर दुर्बीण ठरवूनच टाका, सोनोग्राफीच्या तारखेसाठी अडून राहू नका. एकदम खूप रक्त गेलं, मूल पांढरं पडलं, किंवा पोटात जोराची कळ येऊन हिरवी उलटी झाली, तर तडक मोठ्या हॉस्पिटलात न्या. अशा वेळी आतड्यात आतडं शिरलंय का ते बघायला सोनोग्राफी फार कामाची.

आमचा पॉलिप द्राक्षाएवढा निघाला आणि मुलगा संध्याकाळी घरी आला. त्यानंतरचे पंधरा दिवस मात्र मी प्रत्येक शी बघत होते, कारण देठाची खपली निघताना पुन्हा रक्त जाऊ शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या काळात लांबच्या जत्रेला किंवा प्रवासाला नेऊ नका, रात्री-अपरात्री हॉस्पिटल गाठता येईल एवढ्या अंतरातच राहा.