मशीनमध्ये धुता येणारी मेरिनो लोकर: आटली नाही, पण लांबली

परभणीची थंडी काय असते ते मराठवाड्यातल्यांना सांगायला नको. नातीसाठी मागच्या साली साध्या लोकरीचा स्वेटर विणला होता. सुनेनं घाईत मशीनला टाकला आणि बाहुलीला बसेल एवढा होऊन निघाला. म्हणून यंदा मशीनमध्ये धुता येणारी मेरिनो मागवली, 50 ग्रॅमच्या 4 लडी.

हाताला अगदी गुळगुळीत लागते. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ओल्यात घासले की ते एकमेकांत अडकून बसतात, कापड आटतं. आपल्याकडं जेन, म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण, विणत नाहीत, पिंजलेली लोकर भिजवून रगडून करतात, ती याच खवल्यांच्या जोरावर. या मेरिनोत ते क्लोरीननं झिजवून वर पॉलिमरचा पातळ थर चढवलेला असतो. त्यामुळं एक जुनी सोय गेली. लड संपली की दोन टोकं थुंकी लावून तळव्यावर चोळायची, सांधली जायची. इथं कितीही चोळा, टोकं सुटीच. शेवटी गाठी मारल्या.

स्वेटर मशीनमधून 3 वेळा काढला, बोटभरही आटला नाही. पण पहिल्यांदा मी तो दोरीवर वाळत घातला, ती चूक माझीच. ओल्या वजनानं बाह्या 4 बोटं लांबल्या. आता टॉवेलवर पसरून वाळवते, बऱ्याचशा परत आल्या. विणणाऱ्यांनी 8 नंबरऐवजी 9 च्या बारीक सुया घ्याव्यात, वीण घट्ट राहते.

वेष्टनावर ‘एन्झाइमची पावडर वापरू नये’ असं बारीक अक्षरात छापलंय. ते ठळक हवं होतं. रक्ताचे, दुधाचे डाग काढणारं प्रोटीएज हे एन्झाइम प्रथिनं तोडतं, आणि लोकर म्हणजे केराटिन, तेही प्रथिनच. 26 वर्षं जीवशास्त्र शिकवलं, राहवेना. साध्या लोकरीचा तुकडा तसल्या पावडरीच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवला. सकाळी धागा ओढला तर जुन्या सुतळीसारखा तुटला. क्लोरीनमुळं सांडपाण्यात घातक क्लोरीनयुक्त संयुगं जातात, म्हणून त्याऐवजी एन्झाइमनं खवले काढायचे प्रयोग झालेत. अडचण हीच, ते खवल्यांवर थांबत नाही, आत शिरून तंतू कमजोर करतं.

लेकरांच्या कपड्याला ही लोकर चांगली. करड्या रंगाच्या 3 लडी आणखी मागवल्यात, या खेपेला बाह्या आखूड धरणार आहे.