दिवेआगरची खोली आणि आमचा बंड्या

आगरदांड्याहून जंगलजेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) दिघीला उतरलो तेव्हा आमचा कुत्रा बंड्या गाडीतच ओकला. तो दोष घरमालकांचा नाही. सुरूच्या बनाला लागून असलेली खोली ‘कुत्रा चालेल’ म्हणाले म्हणून घेतली. चालला, पण त्याचे रात्रीचे तीनशे वेगळे, हे पोचल्यावर कळलं. अंगणातला गोड्या पाण्याचा नळ मात्र सोन्यासारखा. खारं पाणी आणि वाळू धुतली नाही, तर हा रात्रभर पंजे चाटत बसतो. काकूंनी त्याच्यासाठी बिनमिठाचा भात न सांगता वेगळा काढला, आम्हाला उकडीचे मोदक. (मोदकांकडेही त्याचं लक्ष होतंच.) किनाऱ्यावर सहालाच न्या, दहानंतर वाळू चटके देते आणि गावातली कुत्री हद्द राखायला येतात. पुन्हा जाऊ, पैसे आधी विचारून.